आठवीत आलेली पोरं गणिताला घाबरतात का आकड्यांच्या नावांना? (तासगाव साइड)

खडूची_भुकटी (सोमवार, रात्री)

नमस्कार मंडळी, मी तासगाव तालुक्यात एका हायस्कूलला गणित शिकवतो, दुसरंच वर्ष आहे त्यामुळं अनुभव कमी, चुकलं तर सांभाळून घ्या. आमच्याकडं आठवीला आजूबाजूच्या चार-पाच गावांतली पोरं येतात, तिकडं झेडपीची शाळा सातवीपर्यंतच आहे. नवी शाळा, नवी पोरं, एसटीचा पास, सगळंच नवीन, त्यात पहिल्याच तासाला गणित.

गेल्या वर्षी मी सरळ पुस्तक उघडलं होतं. पहिलाच धडा परिमेय व अपरिमेय संख्या. दिवाळीपर्यंत निम्मा वर्ग माझ्याकडं बघायचंच बंद झाला. म्हणून यावर्षी वेगळं केलं. फळ्यावर काहीच लिहिलं नाही, तोंडी आकडे सांगितले आणि म्हणलं वहीत लिहा, नाव घालू नका, मार्क नाहीत. अठ्ठेचाळीस, त्र्याऐंशी, एकोणसाठ, पावणेदोनशे, अडीच हजार, एक लाख पाच.

वह्या घरी आणून बघितल्या आणि जेवण गेलं नाही. अठ्ठेचाळीसचे ८४ लय जणांनी केलेत. एकोणसाठला ६९ आहे, ६१ आहे, एकानं ५९ लिहून खोडून परत ६९ केलंय. पावणेदोनशे बऱ्याच जणांनी सोडूनच दिलं. एक लाख पाचला तर जेवढी डोकी तेवढी शून्यं.

आणि गंमत बघा, त्यातलाच एक पोरगा, त्याची आई बेदाण्याच्या शेडवर जाते. त्याला मधल्या सुट्टीत सहज विचारलं, आईला दिवसाची हजेरी (मजुरी) किती? म्हणला साडेतीनशे. मग सहा दिवसांचे? डोळ्याची पापणी लवायच्या आत म्हणला एकवीसशे. तेच वर्गात ३५० गुणिले ६ फळ्यावर लिहून त्याला उभं केलं तर मान खाली, खडू हातात घेईना.

दुसऱ्या दिवशी विचारलं मूळ संख्या म्हणजे काय. मागनं आवाज आला, "सर, ते वर्गमूळ काढतेत ते."

तर प्रश्न असा की मी हे पंधरा दिवस फक्त आकडे आणि गणितातले शब्द यावर घालवू का? हेडसर म्हणतात पोर्शन मागं पडंल, पालक पहिल्या दिवसापासनं एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षेचं विचारतात. ज्यांनी असं काही केलंय त्यांनी सांगा. "त्यांचा पाया कच्चा आहे, झेडपीवाल्यांनी काही शिकवलं नाही" एवढंच सांगायचं असेल तर प्लीज नको, ते स्टाफरूममध्ये रोज ऐकतो.

निवृत्त_मास्तर_कोरेगाव (मंगळवार, पहाटे)

सर, ३४ वर्षं शिकवलं, त्यातली पहिली बरीच वर्षं झेडपीतच, त्यामुळं तुमचं शेवटचं वाक्य वाचून बरं वाटलं.

पंधरा दिवस घालवा. बिनधास्त घालवा. पोर्शन ऑगस्टमध्ये भरून निघतो.

एकोणसाठचं ६९ का होतंय ते पोरांना कुणी फोडून सांगितलेलंच नसतं. एकोण म्हणजे एक ऊन, एक कमी. साठाला एक कमी. हे एकदा कळलं की एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास अशी सगळी माळ एका दमात सुटते, एकोणनव्वदपर्यंत. तिथनं पुढं नव्व्याण्णव मात्र एकोणशंभर होत नाही, ते स्वतःच्या हिशोबानं चालतं, पोरांना ही गोष्ट सांगितली की लय हसतात आणि कायमची लक्षात राहते.

आणि पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे घ्या. औट म्हणजे साडेतीन. आताच्या शिक्षकांनाच येत नाहीत, राग मानू नका. आमच्या वेळी संध्याकाळी दिवा लागला की पर्वचा म्हणायची आणि त्यात हे सगळं यायचं. तुमच्या त्या पोराला ३५० गुणिले ६ कळलं नाही पण साडेतीनशे सक एकवीसशे कळलं, कारण त्याच्या डोक्यात औटकी आहे, फक्त तिचं नाव त्याला माहीत नाही.

सेमीची_आई (मंगळवार, दुपारी)

मास्तर काका तुमचा मान राखून बोलते, पण पर्वचा म्हणल्यावर मला आमच्या गुरुजींची छडी आठवते. मला औटकी येत नाही आणि मी सांगलीत मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात अकरा वर्षं हिशोब लिहिते. त्यामुळं पाठांतर म्हणजेच आकड्यांची जाण असं काही नाही.

माझा मुलगा सेमीला आहे, आठवीतच. त्याची अडचण वेगळीच. घरात त्याला "सव्वाशे दे" म्हणलं की तो माझ्या तोंडाकडं बघतो. शाळेत वन ट्वेंटी फाइव्ह, घरात सव्वाशे, आजी म्हणते सहा वीसा पाच, तिन्ही एकच आहेत हे त्याला कुणी सांगितलंच नाही. आम्हालाही सुचलं नाही, आम्हाला वाटायचं हे काय सांगायचं.

मी काय केलं, उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याला दुकानात नेलं. काम काही नाही, फक्त ऐकायचं. सौदा चालू असताना साडेतेरा हजार, पावणेचौदा, चौदाला शंभर कमी, असं चाललेलं असतं. त्याच्याकडं एक वही दिली, ऐकलेला आकडा आधी अंकात लिहायचा, शेजारी दुकानात म्हणतात तसं, त्याच्या शेजारी शाळेत म्हणतात तसं. १७५, पावणेदोनशे, वन सेव्हन्टी फाइव्ह. १३,७५०, पावणेचौदा हजार, थर्टीन थाउजंड सेव्हन फिफ्टी. पहिल्या दिवशी सगळं चुकलं. आमचे हमाल लोक लय चांगले, ते त्याला मुद्दाम मोठ्यानं सांगायचे. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यानं मला एका हिशोबपट्टीतली चूक दाखवली. खरी चूक होती, माझीच. त्या दिवसापासनं घरी ताठ मानेनं फिरतोय.

सर, तुम्ही सगळ्यांना दुकानात नेऊ शकत नाही पण वही तर करू शकता.

सीमेवरचा_गडी (मंगळवार, संध्याकाळी)

मी जतचा. घरात कन्नड, शाळा मराठी. हा विषय निघाला म्हणून सांगतो, मला पाचवीपर्यंत ढ समजायचे.

कन्नडमध्ये एकवीसला इप्पत्तोंदु. इप्पत्तु म्हणजे वीस, ओंदु एक. आधी वीस मग एक, लिहितो त्याच क्रमानं. अठ्ठेचाळीस म्हणजे नलवत्तेंटु, आधी चाळीस मग आठ. मराठीत उलटं, आधी आठ ऐकू येतंय मग चाळीस. तर मी ऐकू आलं तसं आधी ८ लिहायचो आणि मग ४. गुरुजी म्हणायचे लक्ष कुठं आहे. लक्ष तिथंच होतं की हो गुरुजी.

खडू सर, तुमच्या वर्गातल्या अठ्ठेचाळीसचे ८४ लिहिणाऱ्यांना गणित येत नाही असं समजू नका, ती ऐकलेलं इमानदारीनं लिहितायत. जर्मन भाषेतपण असंच उलटं आहे म्हणे, आधी एकक मग दशक, आणि तिकडची पोरंपण असंच अडखळतात.

माझा उपाय: कुठलाही आकडा ऐकला की शेवटचा भाग पकडायचा. "चाळीस" ऐकलं की ४ आधी मांडायचा, त्याच्या उजवीकडं जागा सोडायची, मग आठवायचं पुढं काय होतं. आज बँकेत कॅशला बसतो आणि अजून मनात असंच करतो 😀

कंदी_पेढा_सातारा (मंगळवार, रात्री)

म्हणजे २०१९ चं ते दुसरीचं गणिताचं पुस्तक बरोबर होतं तर! त्यात एकवीस, बावीस, त्रेसष्टला वीस एक, वीस दोन, साठ तीन असं दिलं होतं. तेव्हा केवढा दंगा झालेला, विधानसभेत चेष्टा झाली, व्हॉट्सअ‍ॅपवर तर आडनावांचे जोक फिरत होते.

निवृत्त_मास्तर_कोरेगाव (मंगळवार, रात्री)

मीपण तेव्हा विरोध केला होता, कबूल करतो. आमची भाषा मारतायत असं वाटलं होतं. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या, त्या शांतपणे सांगत होत्या की जोडाक्षरं आणि उलटा क्रम यानं लहान मुलं अडतात, म्हणून ही पायरी. आता जतच्या या मुलाचं वाचलं आणि मला आमच्या वर्गातले दोन-तीन चेहरे आठवले. तेपण घरी दुसरी भाषा बोलणारे होते. त्यांना मी काय म्हणायचो ते इथं लिहीत नाही.

तरी माझं मत अर्धंच बदललंय. पायरी म्हणून वीस एक ठीक. पण बाजारात त्रेसष्टला साठ तीन कुणी म्हणत नाही, त्यामुळं त्रेसष्ट यायलाच पाहिजे.

बीएड_चालू_आहे (बुधवार, सकाळी)

मी सातारची, बीएस्सी मॅथ्स करून आता बीएड. आकड्यांवर सगळे बोलले म्हणून मी सरांच्या दुसऱ्या प्रश्नावर येते, ते "मूळ संख्या म्हणजे वर्गमूळ" वालं. मला ते उत्तर चुकीचं नाही वाटलं, हुशार वाटलं. त्या मुलानं मूळ हा शब्द जिथं ऐकला होता तिथं जोडला. आपणच एक शब्द दोन कामांना वापरतो आणि सांगत नाही.

आणि असे शब्द किती आहेत बघा. पूर्ण संख्या आणि पूर्णांक संख्या. एकात शून्यापासनं पुढं, दुसऱ्यात ऋण पण येतात. बोलताना दोन्ही सारखेच वाटतात. त्यावर कहर म्हणजे दोन पूर्णांक एक छेद तीन म्हणताना तोच पूर्णांक तिसऱ्याच अर्थानं. अवयव म्हणलं की हात-पाय. घात म्हणलं की विश्वासघात. व्यस्त म्हणलं की पप्पा व्यस्त आहेत. बाकी वजाबाकीतपण, भागाकारातपण आणि किराणा दुकानातपण. सेमीवाल्यांना तर पॉवर, रूट, फॅक्टर, परत सगळं नव्यानं.

मी इंटर्नशिपला गेले होते तिथं व्याख्या दिलीच नाही. फळ्यावर शब्द लिहायचा, अवयव. आणि विचारायचं तुम्हाला काय माहितीय? हात, पाय, किडनी, अवयवदान. सगळं लिहून घ्यायचं, हसायचं नाही. मग विचारायचं की १२ चे अवयव कुठले असतील. एक मुलगी म्हणाली १२ ज्याच्यापासनं बनलाय ते. अजून काय पाहिजे व्याख्या? २ गुणिले ६, ३ गुणिले ४, आणि २ गुणिले २ गुणिले ३ इथं आलो की आणखी फुटत नाही. मग सांगायचं, हे जे फुटत नाहीत ते मूळ. आता मूळ शब्दाला अर्थ आला, झाडाच्या मुळासारखा नाही तर मूळ गावासारखा, जिथनं सगळे आले ते.

आणि बसत नाहीत अशी उदाहरणं दिल्याशिवाय शब्द पक्का होत नाही. १ मूळ आहे का? नाही, आणि संयुक्तपण नाही, तो दोन्ही जातीबाहेर. २ सम आहे म्हणून मूळ नाही का? आहे, सम असून मूळ असणारा तो एकटाच. ८ आणि १५ यातला एकही मूळ नाही तरी दोघं सहमूळ, कारण १ सोडून सामाईक विभाजकच नाही. इथं पोरं भांडायला लागतात आणि तासाला जीव येतो. शंभरपर्यंतच्या मूळ संख्या चाळणीनं (पटीतल्या खोडत जाऊन) काढायला सांगा, २५ निघतात. ज्याच्या २४ आल्या तो स्वतःच शोधत बसतो कुठली राहिली, सरांनी सांगायची गरज नाही. बहुतेक ९७ तरी राहते नाहीतर ९१ जास्तीची घुसते, ती ७ गुणिले १३ आहे.

अजून एक, वजाबाकीची प्रॅक्टिस पाहिजे असेल तर कापरेकरांचा ६१७४ द्या. द. रा. कापरेकर, देवळालीला शाळेत शिक्षक होते, विद्यापीठातले कुणी नव्हेत, हे पोरांना आवर्जून सांगा. चार अंकी कुठलीही संख्या घ्यायची, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लावायचे, मग चढत्या, आणि वजा. आलेल्या उत्तराला परत तेच. ३५२४ घेतला तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आणि तिथंच अडकतो. जास्तीत जास्त सात वेळात येतोच. ज्याचा येत नाही त्याला हातच्याची चूक आपोआप कळते, लाल पेन काढायचं कामच नाही.

आयर्विनचं_पाणी (बुधवार, दुपारी)

सगळे एवढं शिकलेले बोलतायत, मी आपला रिक्षा चालवतो सांगलीत, पण मला पण काय तरी सुचलं म्हणून.

पुराच्या टायमाला आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरगंपण कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पातळी सांगतंय. चाळीस फुटाला इशारा, पंचेचाळीसला धोका. २०१९ ला साडेसत्तावन्नच्या आसपास गेलं होतं, आम्ही पहिल्या मजल्यावर होतो. आता ही सगळी पोरं फूट आणि इंच बोलतेत, आणि टीव्हीवर लिहून येतं ५७.५. माझी पोरगी म्हणली सत्तावन्न फूट पाच इंच. म्हणलं नाही गं बाय, अर्धा फूट म्हणजे सहा इंच. पॉइंटच्या पुढचं इंच नसतंय. तिथं तिला दशांश कळला, पुस्तकात नाही.

मग तिला म्हणलं धोका म्हणजे शून्य धर. आता पाणी साडेसत्तावन्न म्हणजे किती? वर साडेबारा. इशारा कुठं? खाली पाच. मग आज एकतीस फूट आहे तर? खाली चौदा. म्हणली पप्पा हे तर ऋण संख्या. म्हणलं असंल, आम्हाला काय माहीत 😄

कंदी_पेढा_सातारा (बुधवार, दुपारी)

दादा एक नंबर 🙏 आमच्याकडं तसंच कोयनेचं. १०५ टीएमसीचं धरण, ८४ झालं म्हणजे किती टक्के भरलं, हे चहाच्या टपरीवर सगळे करतात. ऐंशी टक्के. पेपरात टक्केवारी आली की मात्र सोडून देतात.

खडूची_भुकटी (तीन आठवड्यांनंतर, रविवारी)

सगळ्यांचे आभार, उशिरा लिहितोय. हेडसरांना हा धागा प्रिंट काढून दाखवला. म्हणाले दहा दिवस घ्या, पंधरा नको. घेतले बारा.

जमलं ते आधी. तीन रकान्यांची वही जमली, सेमीची आई, तुमचे खरंच आभार. मी चौथा रकाना केला, "घरी काय म्हणतात". त्यात वीसा, कोडी, डझन, मण सगळं आलं, दोन पोरांच्या घरचं कन्नड आलं. जी पोरगी वर्गात एक शब्द बोलत नव्हती तिनं उभं राहून सगळ्यांना इप्पत्तु, मूवत्तु, नलवत्तु शिकवलं. सीमेवरच्या दादा, हे तुमच्यामुळं. "शेवटचा भाग आधी मांडा" ही युक्तीपण चालली, अठ्ठेचाळीसचे ८४ आता दोघंच करतात.

सातबारा मी स्वतः नेला होता. कारण ०.७ मोठं का ०.६१ विचारलं तर निम्मा वर्ग ०.६१, एकसष्ट साताहून मोठे म्हणून. आपण पॉइंट एकसष्ट म्हणतो ना, तिथंच माती खातो. मग उताऱ्यावरचं हेक्टर-आर दाखवलं. हेक्टरात शंभर आर. ०.६१ म्हणजे ६१ आर, मग ०.७ म्हणजे? एकजण म्हणला सत्तर, आणि लगेच म्हणला, "मग सर सत्तरवाल्याचं रान जास्त की." रान म्हणल्यावर कुणालाच शंका राहिली नाही.

फसलं ते पण सांगतो. औटकी फसली. काका, मी स्वतः पाठ केली, पोरांनी दोन दिवस म्हणली आणि तिसऱ्या दिवशी परत त्याच मान खाली घातलेल्या. जे आधीच घाबरलेत त्यांना वर्गापुढं म्हणायला लावणं ही माझीच चूक होती. ६१७४ मध्ये मात्र मधल्या सुट्टीत कुणी बाहेर गेलं नाही. एकाचा आठव्यांदा पण आला नाही तेव्हा तो मलाच म्हणला, "थांबा सर, तुम्ही सांगू नका."

तो बेदाण्यावाल्या बाईंचा मुलगा अजून फळ्यापाशी येत नाही. जागेवरनं बरोबर उत्तर देतो पण खडू घेत नाही. मी आता ओढत नाही.

पुढचा प्रश्न, वर्ग आणि वर्गमूळ. गुंठ्यापासनं सुरू करायचंय, ३३ बाय ३३ फूट म्हणजे १०८९ चौरस फूट, असे ४० गुंठे म्हणजे एकर. ग्राउंडवर खरा गुंठा आखायचा विचार आहे. पण शाळेत टेप आहे तो पंधरा मीटरचा आणि मध्येच तुटलेला.

निवृत्त_मास्तर_कोरेगाव (रविवार, रात्री)

औटकीचं मान्य. आमच्या वेळीपण ज्यांना येत नव्हती ती पोरं शाळाच सोडून जायची, म्हणून आम्हाला वाटायचं सगळ्यांना येते.

आमच्या वडिलांची मोजणीची ३३ फुटी लोखंडी साखळी माळ्यावर पडलीय. गंज काढून शनिवारी घेऊन येतो. साखळीचं एक टोक त्या बेदाण्यावाल्या पोराच्या हातात द्या, खडू राहू दे.

खडूची_भुकटी (रविवार, रात्री)

काका नक्की या. शनिवारी सकाळची शाळा आहे, साडेअकराला सुटते, आणि गावाकडची एसटी पावणेबाराला. पोरांना मुद्दाम विचारलं पावणेबारा म्हणजे किती वाजता, चौघं अजून सव्वाबारा म्हणतायत. त्यांची एसटी चुकली तर गुंठा आखायला तेवढीच माणसं जास्त.